भिंतीच्या दुसऱ्या टोकाला

नाटक कंपनीत त्याला सगळे कुजबुजे म्हणायचे. खरं नाव कोणाच्या लक्षात होतं, देव जाणे. बायको तर आयुष्यभर 'अहो'च म्हणत आली. कंपनीत तो प्रॉम्प्टर होता. विंगेतल्या अंधारात एका मोडक्या स्टुलावर त्याचा उभा जन्म गेला. नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य द्यायचं, आणि ते अशा बेताने द्यायचं की नटाला नेमकं ऐकू जावं, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागू नये. त्यात काय मोठंसं, असं वाटतं ना? करून बघा. आवाज लावायचाच नाही, नुसत्या श्वासावर शब्द फेकायचे. अशा बोलण्याला वय नसतं. ते बाईचं की पुरुषाचं तेही कळत नाही. कुजबुजेने राजांना वाक्यं दिली, राण्यांना दिली, एकदा सोळा वर्षांच्या नटीला अख्खा एक अंक श्वासावर पेलून दिला.

पण या कामाने त्याला एक खोड लावली, ती निवृत्त झाला तरी सुटली नाही. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला की याला राहवायचं नाही. डॉक्टर "तुम्हाला आता..." म्हणून चष्मा पुसायला लागले, की हा "विश्रांतीची गरज आहे" म्हणून मोकळा. शेजारी "काल आमच्याकडे..." म्हणून खोकायला लागला, की "पाहुणे आले होते." लोक हसायचे, कधी वैतागायचे. त्याचा इलाज नव्हता. रिकामी जागा दिसली की ती भरायची, हे त्याच्या हाडात गेलं होतं.

घरात मात्र रिकाम्या जागाच फार. नवरा-बायको दोघंच, आणि दोघांच्या मध्ये त्यांचा मुलगा. मुलगा म्हणजे गट्टू. गट्टू नव्हता, म्हणूनच तो सगळीकडे होता. जेवणाच्या टेबलाशी तिसरी खुर्ची होती आणि तिच्यावर कोणी साधी पिशवीसुद्धा ठेवत नसे.

गट्टूला नट व्हायचं होतं, आणि बापाला ते नको होतं. विंगेतून त्याने नटांचे हाल जवळून पाहिले होते, पोराच्या वाट्याला ते येऊ नयेत इतकंच त्याच्या मनात. पण हे नीट बसून सांगावं की नाही? छे! याने अबोला धरला. एका घरात राहून, एका ताटलीतलं लोणी पावाला लावून, वर्षभर बापाने पोराशी एक शब्द बोलू नये? "त्याला सांग, दिवा बंद कर," असं बायकोला सांगायचं, आणि 'तो' समोरच उभा. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने! मग एकदा कंपनीचा तरुण नट आजारी पडला आणि ऐन वेळी गट्टूला उभं केलं गेलं. विंगेत स्टुलावर कोण, तर बाप. काम ते काम, म्हणून बसला.

दुसऱ्या अंकात गट्टू थांबला. त्याने विंगेकडे पाहिलं. कुजबुजेने वाक्य दिलं. गट्टू पाहतच राहिला. बापाने पुन्हा दिलं, मग तिसऱ्यांदा, शब्द न् शब्द सुटा करून. पोराला ऐकू येत होतं, त्याच्या डोळ्यांत दिसत होतं तसं. तरी त्याने ते घेतलं नाही. लोक कुजबुजायला लागले, मग हसायला लागले, आणि पडदा पाडावा लागला. गट्टू तोंडावरचा रंग न पुसताच मागच्या दाराने बाहेर पडला. रस्ता ओलांडताना त्याने कुठल्याच बाजूला पाहिलं नाही, असं ट्रकवाल्याने नंतर सांगितलं.

त्याची आई प्रेक्षागृहात मागच्या रांगेत होती. तिला काय दिसलं? पोर विंगेकडे आशेने बघतंय आणि विंग मुकी. रागाच्या भरात बापाने मुद्दाम तोंड उघडलं नाही, अशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. "मी वाक्य दिलं होतं," हे त्याने तिला रडून सांगितलं, चिडून सांगितलं, गट्टूच्या फोटोवर हात ठेवून सांगितलं. ती "बरं" म्हणायची. त्या 'बरं'मध्ये विश्वासाचा टिपूससुद्धा नसायचा, आणि तेच त्याला आतून कुरतडत होतं. आता वय झालं होतं, गुडघे बोलायला लागले होते. मरण्याआधी एकदा बायकोने 'तुम्ही दिलं होतं' म्हणावं, याहून त्याला दुसरं काही नको होतं.

अशात ही बाई दर बुधवारी दुपारी ठेवणीतले कपडे घालून बाहेर पडायला लागली. कधी भाजीच्या पुढे न गेलेली बाई. विचारलं तर म्हणाली, नवीन कलासंग्रहालय झालंय ना, तिथे जाते. हिला चित्रांतलं काय कळतं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. एका बुधवारी तो तिच्या मागोमाग निघाला. स्वतःच्या बायकोचा पाठलाग करायचा, तोही दुखऱ्या गुडघ्याने, म्हणजे शोभाच. पण गेला.

संग्रहालय म्हणजे त्याला आधी अर्धवट सोडलेलं बांधकामच वाटलं. ना रंग, ना गिलावा. नुसतं काँक्रीट, आणि त्यावर साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच राहिलेले. दार कुठे ते सापडेना. आधी रुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं, मग एका उघड्या चौकात यायचं. चौकभर घोटाभर पाणी, इतकं स्थिर की खालचं आभाळ खरं वाटावं. पाण्याच्या कडेने दगडी वाट होती. इमारतीच्या छपरावर गवत वाढवलेलं, आणि त्या गवतातून माणसं खुशाल चालत होती. पलीकडे उतारावर लोखंडाचे न् दगडाचे पुतळे उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. एवढा पैसा ओतून कोणी कोणाकडे तोंड करायला तयार नाही, असं तो मनात म्हणाला, आणि त्याला आपलं घर आठवलं.

आत गेल्यावर मात्र तो बोलायचा थांबला, मनातल्या मनातसुद्धा. एक लांबच लांब भिंत अर्धगोल वळत गेली होती, पाण्याच्या चौकाला कवेत घेतल्यासारखी. छपराला एक बारीक फट, तिच्यातून उन्हाची एक पट्टी भिंतीवर उतरलेली. आणि अख्ख्या भिंतीवर चित्र एकच, पार त्या टोकाला. इथून नीट दिसत नव्हतं, पण बायको त्याच्याच समोर बाकावर बसली आहे, एवढं वळणाआडून डोकावल्यावर दिसलं. तो मागे सरकला आणि भिंतीच्या अलीकडच्या टोकाला तसाच एक बाक होता, त्यावर टेकला.

आणि बायको त्याच्या कानात बोलली.

तो ताडकन उठला. मागे कोणी नव्हतं. पुन्हा बसला. "न्हाणीघरातला नळ परत गळतोय," ती सांगत होती, अगदी कानाच्या पाळीशी तोंड आणल्यासारखी. दारातल्या पहारेकरणीने त्याची त्रेधा पाहिली आणि हसून समजावलं. भिंत अशी वळली आहे ना, म्हणून एका टोकाला बोललेलं तिच्या अंगावरून घसरत दुसऱ्या टोकाला पोचतं. बांधणाऱ्यांच्या मनात तसं काही नव्हतं, झालं आपोआप. मुलांना गंमत वाटते, म्हणाली. बुधवारी दुपारी कोणी नसतं, म्हणून ती बाई येते.

"रबर बदलायला हवं," बायको सांगत होती. "पण तुझ्या बाबांचे गुडघे... खाली बसवत नाही त्यांना. सांगणार मात्र नाहीत. घोरतात किती ते तर विचारूच नकोस, गट्टू. आणि काल काय झालं..."

आणि ती थांबली.

थांबली, आणि पुढे बोलेना. कुजबुजेच्या ध्यानीमनी नसताना, विचार डोक्यात यायच्या आधी, जिभेने आपलं काम केलं.

"मग?" तो श्वासावर म्हणाला.

मेलो, असं वाटलं त्याला. आपण काय करून बसलो? उठून पळायच्या बेतात होता तो. मग बायकोचा आवाज आला, थोडा कापरा, पण चालू. "मग काय, दूध उतू गेलं," ती म्हणाली, आणि दुधाची सगळी हकीगत तिने सांगितली.

त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गुणगुणत होती. ही गुणगुण त्याने किती वर्षांत ऐकली नव्हती! जेवताना तिने त्याला आपणहून आणखी वाढू का, असं विचारलं. आता सांगा, कोणता नवरा दुसऱ्या दिवशी तिला खरं सांगेल? कुजबुजेनेही नाही सांगितलं. पुढच्या बुधवारी ती निघाल्यावर तो मागच्या वाटेने, पुतळ्यांच्या उतारावरून संग्रहालयात शिरला. त्याच्या पुढच्या बुधवारीही शिरला. मेलेल्या पोराचा आव आणून त्याच्या आईशी बोलणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. तोही स्वतःला रोज शिव्या घालायचा. आणि बुधवारची वाट बघायचा.

फार बोलायचा नाही तो. 'मग?', 'खरंच?', 'आई, तू कशी आहेस?' एवढंच. पण त्यातून त्याला किती काय कळलं! बायकोचा एक कान कमी ऐकतो हे त्याला तिच्याच तोंडून, पण मुलगा म्हणून कळलं. रात्री तिला झोप येत नाही हे कळलं. ती बोलून बाहेर पडली की तो पाण्याच्या चौकात जाऊन बसायचा. उन्हात पाणी चमकायचं, छपरावरच्या गवतात वारा शिरायचा आणि सगळी इमारत हळूच श्वास सोडते आहे असं वाटायचं. त्याला बरं वाटायचं तिथे. सुरुवातीला.

मग एक बारीकशी गोष्ट घडली. बायको शेजारणीच्या कुत्र्याचं काहीतरी सांगत होती, आणि मध्येच म्हणाली, "हसू नकोस रे, खरंच तसं झालं."

कुजबुजे हसला नव्हता.

भास झाला असेल तिला, त्याने स्वतःला समजावलं. पण पुढच्या वेळी तिने "नाही, निळा नव्हता, हिरवा होता तुझा तो शर्ट," असं म्हटलं. शर्टाचा विषय कोणी काढला होता? त्याने तर तोंडही उघडलं नव्हतं. त्याने जिवाचा कान केला. भिंतीला हात लावला. काँक्रीट गार असतं ना, पण हाताखाली ते कोमट लागत होतं, आणि ऊन तर तिथवर पोचतच नव्हतं. त्या दिवशी तो चौकात थांबला नाही. थेट घर गाठलं. बायको आल्यावर तिचं तोंड न्याहाळत बसला. ती आपली शांत होती. तिने त्याला चहा दिला आणि त्याच्या गुडघ्याला तेल चोळून देऊ का, असं विचारलं.

आता जाऊच नये, असं त्याने ठरवलं. बुधवार उजाडला तसा तो ठराव कुठल्या कुठे गेला.

त्या बुधवारी आभाळ भरून आलं होतं. छपराच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी नव्हती, भिंत एका रंगाची, राखाडी. तो टोकाला बसला. बायको आहे की नाही, अशी शंका यायला लागली, तेवढ्यात ती बोलली. आज नळ नव्हता, दूध नव्हतं, कुत्रं नव्हतं.

"गट्टू, एकच विचारते. खरं सांगशील? त्या दिवशी बाबांनी तुला वाक्य दिलं होतं का?"

ज्यासाठी कुजबुजेचा जीव इतकी वर्षं टांगणीला लागला होता, ते आयतं समोर आलं होतं. एक 'हो' म्हणायचं, बस. आणि ते खोटंही नव्हतं, अगदी खरं होतं! पण ते खरं त्याने पोराच्या तोंडी घालायचं? मेलेल्याला साक्षीला उभं करायचं, आणि साक्ष आपणच द्यायची? त्याला लाज वाटली, मनापासून लाज वाटली. पण त्याहून जास्त त्याला तिचा विश्वास हवा होता.

"दिलं होतं, आई," तो श्वासावर म्हणाला. "तीनदा दिलं."

मग तिने विचारलं, "मग तू घेतलं का नाहीस रे?"

आणि इथे कुजबुजेचं घोडं अडलं. हा तर त्याचाच प्रश्न! अंथरुणात पडल्या पडल्या, गर्दीत, आरशासमोर दाढी करताना, त्याने किती वेळा विचारला होता. का घेतलं नाहीस? मी देत होतो ना? उत्तर कुठल्याच संहितेत लिहिलेलं नव्हतं. ज्याने कधी कोणाला रिकामं उभं राहू दिलं नाही, तो स्वतः रिकामा बसला होता. त्याने ओठ उघडले. काही निघालं नाही. भिंत गप्प होती. बाहेर चौकातल्या पाण्यावर एकदम बारीक लाटा उठल्या आणि विरल्या. वारा पडलेला होता.

"असं होय," बायको हळूच म्हणाली. "असं होय रे, बाळा."

पुढे तिचं रडणं ऐकू आलं. तो उठला आणि आपण पकडले जाऊ याची पर्वा न करता त्या अर्धगोल भिंतीच्या कडेने चालत निघाला. वळण संपता संपेना. शेवटी ती दिसली, बाकावर बसलेली, आणि तिच्यासमोरचं ते चित्र त्याने पहिल्यांदा जवळून पाहिलं. दारात उभा असलेला एक तरुण, पाठमोरा, एक खांदा किंचित खाली. गट्टू तसाच उभा राहायचा.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. दचकली नाही. सरकून त्याला जागा करून दिली.

"तुमची कुजबुज मला ओळखू येत नाही असं वाटलं होय तुम्हाला?" ती म्हणाली. "पहिल्या 'मग'लाच कळलं मला."

मग ती सावकाश सांगत गेली. राग आला होता तिला, फार आला होता. उठून येऊन चार लोकांत बोलावं असं वाटलं होतं. पण घरी ज्या नवऱ्याच्या तोंडाला कुलूप, तो इथे "आई, तू कशी आहेस" असं विचारतो आहे. तेवढ्यासाठी ती गप्प राहिली, येत राहिली. आणि मग, म्हणाली, येता येता कधीतरी इथे आपण तिघं झालो.

त्याने तिचा हात धरला. "मघाशी मी 'दिलं' म्हणालो ते..."

"ते मी तुम्हालाच विचारलं होतं. दुसरा प्रश्न त्याला होता." तिने डोळे पुसले. "तुम्ही दिलं होतं. तो म्हणाला तसं."

इतक्या वर्षांनी त्याच्या कानावर ते शब्द पडले, आणि जीव भांड्यात पडायचा तो पडेना. कारण पुढचं त्याला ऐकू आलं नव्हतं. "मी काहीच बोललो नाही," तो म्हणाला. "तू विचारलंस त्याच्यावर मी एक अक्षर बोललो नाही."

"माहीत आहे मला. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर एवढी दया त्याने कधी पाहिली नव्हती, आणि ती पाहून त्याची पाचावर धारण बसली. सांगू नकोस, असंही त्याला वाटलं. पण ती सांगणारच होती.

"म्हणाला, वर्षभराने बाबा माझ्याशी बोलले, पण नाटकातलं बोलले. एक तरी शब्द त्यांचा स्वतःचा येईल म्हणून मी थांबलो होतो."

तीनदा दिलं होतं कुजबुजेने. तिन्ही वेळा चूक नाही, तिन्ही वेळा शब्द न् शब्द संहितेतला. पोर डोळ्यांत प्राण आणून बघत होतं, आणि हा गाढव वाक्य सुटं करून सांगत होता. 'गट्टू' एवढं जरी म्हणाला असता! नुसतं नाव! त्याला रडू फुटलं, तोंड वाकडं करून, आवाज न करता, आयुष्यभराच्या सवयीने.

खूप वेळाने तो चित्रातल्या त्या पाठमोऱ्या पोराकडे वळून बसला. त्याला बोलायचं होतं. आत्ता, लगेच, इथेच. पण तोंड उघडलं आणि जिभेवर आले ते राजे. मग प्रियकर आले, मग मरायला टेकलेले बाप, एकाहून एक. बापाने मुलाला काय म्हणायचं, याची किती भाषणं त्याला पाठ होती! एकेक ओठांपर्यंत आलं आणि त्याने ते परत ढकललं. सगळी बाजूला सारल्यावर आपलं असं काय उरतं, ते त्याला सापडेना. तो बायकोकडे पाहायला लागला, नट विंगेकडे पाहतात तसा.

बायको त्याच्या कानाशी वाकली.

"जेवलास का, विचारा," ती कुजबुजली.

"जेवलास का रे, गट्टू?" तो म्हणाला. श्वासावर नाही, चांगला आवाज लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असा. दारातली पहारेकरीण वळून बघायला लागली. तो आवाज भिंतीवरून घसरत वळणाआड गेला, रिकाम्या बाकाकडे, आणि ती दोघं हात धरून ऐकत बसली.